पाणीमहालाचे चित्र : नळदुर्गच्या जलवास्तूच्या दर्शनाविषयी काही विचार

१

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यांच्याही डोळ्यांपुढे त्याचे एक चित्र असते. काळ्या दगडी बांधावरून पाण्याचे दोन शुभ्र लोट कोसळत आहेत, भोवती पावसाळी हिरवळ आहे आणि वर ढगाळ आकाश आहे. पर्यटनविषयक पुस्तिकांतून व वृत्तपत्रांतून हेच चित्र वारंवार समोर येते. लोकांनी या दोन लोटांना ‘नर’ व ‘मादी’ अशी नावे दिली असून किल्ल्याची आजची कीर्ती मुख्यतः त्यांच्याच आधाराने उभी आहे. हे चित्र खोटे नाही. परंतु एखादी गोष्ट खोटी नसणे आणि ती पुरेशी असणे यांत अंतर असते. ते अंतर हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

वास्तूचे चित्रण हे वास्तूच्या ज्ञानाचे केवळ साधन नसते. ते त्या ज्ञानाला आकारही देते. ज्या जागेवरून आणि ज्या ऋतूत एखादी वास्तू पुनःपुन्हा टिपली जाते, तीच जागा आणि तोच ऋतू हळूहळू त्या वास्तूचे स्वरूप होऊन बसतात. जलवास्तूच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. किल्ल्याची भिंत बारा महिने तीच असते, पाणी मात्र रोज वेगळे असते. म्हणून जलवास्तूचे चित्र घेणारा मनुष्य कळत न कळत एक निवड करीत असतो : पाणी दिसते कसे हे दाखवावयाचे, की पाणी काय करते हे दाखवावयाचे?

या प्रश्नाचा विचार करताना दोन लेखकांची कामगिरी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. एक म्हणजे नळदुर्गला राहिलेला इंग्रज अधिकारी व कादंबरीकार फिलिप मेडोज टेलर. दुसरा, व्हेनिसचा विख्यात भाष्यकार जॉन रस्किन. टेलर १८५३ मध्ये नळदुर्गला आला आणि त्याच वर्षी रस्किनच्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाचे शेवटचे दोन खंड प्रसिद्ध झाले. हा योगायोग आहे; त्यास अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. परंतु पाण्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या एका स्थळाकडे कोणत्या क्रमाने पाहावे, या प्रश्नाला दोघांनी जी उत्तरे दिली, त्यांची तुलना आजच्या अभ्यासकाला काही शिकवून जाते.

२

प्रथम वास्तूचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात, सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. भीमेला मिळणारी बोरी नदी येथे खोल घळईतून वाहते आणि त्या घळईत पुढे आलेल्या बेसाल्टच्या पठारावर किल्ला बांधलेला आहे. सुमारे तीन किलोमीटर परिघाच्या तटाला शंभरांहून अधिक बुरूज आहेत. त्यांतील नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आणि किल्ल्याच्या आतील उंच उपळी बुरूज हे विशेष प्रसिद्ध आहेत. नदीच्या पलीकडच्या अंगास रणमंडळ नावाचा दुसरा, लहान किल्ला आहे. या दोन किल्ल्यांना जोडणारा दगडी बांध नदीच्या पात्रात आडवा घातलेला असून तोच नळदुर्गचे धरण होय.

या धरणाची लांबी सुमारे १७४ मीटर, उंची सुमारे १९ मीटर आणि रुंदी ठिकठिकाणी अडीच ते चौदा मीटर आहे. नदी अडवणे एवढेच त्याचे काम असते, तर त्याची गणना दख्खनमधील अनेक मध्ययुगीन बंधाऱ्यांत झाली असती. परंतु बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. बांधावरून पायऱ्या उतरून आत गेले असता सज्जा आणि खिडक्या असलेले दालन लागते. सांडव्यातून पाणी वाहत असताना या दालनात बसलेल्या माणसाला ते कोसळणारे पाणी आतल्या बाजूने, कोरडे राहून पाहता येते. धरण आणि प्रेक्षागृह या दोन कल्पना येथे एकाच दगडात बांधलेल्या आहेत.

महालातील फारसी शिलालेखावरून हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ मध्ये, मीर इमादीन याने केले असे कळते. इंपीरियल गॅझेटियरमध्ये मात्र बांधाचे श्रेय पहिल्या अली आदिलशहाला देऊन त्यासाठी १५५८ हे वर्ष सांगितलेले आहे. या दोहोंत शिलालेखाचे प्रामाण्य अधिक मानणे योग्य होय. आणि रसिकतेच्या दृष्टीनेही ते पटण्याजोगे आहे. दुसरा इब्राहिम हा ‘किताब-ए-नौरस’ या गेय पदांच्या ग्रंथाचा कर्ता. त्याच्या राज्यात पाणी हा केवळ गरजेचा विषय राहिला नव्हता. विजापूरजवळच्या कुमठगी येथील जलमंडपांत पाण्याचा विलास दिसतो. नळदुर्गला मात्र विलास, संरक्षण आणि साठवण या तिन्हींचा मेळ एकाच बांधात घातलेला आहे. याच सुमारास मलिक अंबर खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहरीने पाणी आणवीत होता हे ध्यानात घेतले, तर सतराव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या राज्यकर्त्यांची बुद्धी पाण्याच्या प्रश्नावर किती एकाग्र झाली होती याची कल्पना येते.

३

टेलरचे वर्णन त्याच्या ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मचरित्रात आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने जे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, त्यांतील नळदुर्गचा जिल्हा टेलरकडे आला. १८५७ मध्ये त्याची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली आणि १८६० मध्ये हा जिल्हा निजामाला परत मिळाला. आत्मचरित्र प्रसिद्ध झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये. म्हणजे नळदुर्ग सोडल्यानंतर सुमारे दोन दशकांनी वाचकांपुढे आलेले हे चित्र आहे, हे विसरता कामा नये.

या वर्णनाचा पहिला गुण त्याच्या क्रमात आहे. टेलर एकदम तटावर किंवा महालावर येत नाही. तो आधी खडक सांगतो : पठाराचे टोक घळईत कसे पुढे आले आहे, त्याचे कडे किती सरळ तुटलेले आहेत, बेसाल्टचे स्तंभाकार थर कोठे उघडे पडलेले आहेत. मग कड्याच्या कडेने फिरणारी तटबंदी येते. त्यानंतर ज्या एका बाजूने किल्ला मुख्य पठाराला जोडलेला आहे, तिकडचा दुहेरी कोट व खडकात कोरलेला कोरडा खंदक येतो. आणि शेवटी आतील उद्ध्वस्त वस्ती व तिच्या मधून गेलेला रुंद रस्ता येतो. भूगोल, संरक्षण आणि वसाहत अशी ही चढती मांडणी आहे. बंदोबस्त, मोजणी आणि रस्ते ही ज्याची रोजची कामे होती, अशा अधिकाऱ्याची शिस्त तीत दिसते. किल्ला असाच का आणि येथेच का, या प्रश्नाचे उत्तर वाचकाला न विचारता मिळते.

या वर्णनाची मर्यादाही त्याच्या गुणातूनच उद्भवते. टेलरची दृष्टी बाहेरून आत येणाऱ्याची आहे. वेढा घालणारा सेनापती ज्या वाटेने विचार करील, ती त्याची वाट आहे. अशा दृष्टीला पाणी म्हणजे शिबंदीला न आटणारा साठा. हे खरे आहे. परंतु महाल बांधाच्या पोटात का घातला, या प्रश्नाला त्या दृष्टीत जागा नाही. वर्णनाच्या अखेरीस तो किल्ल्याच्या एकूण परिणामाला रौद्र तरीही चित्रमय ठरवतो. इंग्रजी रसिकतेत चित्रमयतेची ही कल्पना तेव्हा चांगलीच रुळलेली होती : जुनी भिंत, तुटका कडा आणि खाली पाणी असे दिसले, की तो शब्द आपोआप ओठांवर येई. हा शब्द उच्चारताच टेलरचा इतका वेळ चाललेला शोध थांबतो. जो खडकाची घडण सांगत होता, तो आता देखाव्याचा प्रेक्षक होतो.

टेलरचा छायाचित्रणाशी आलेला संबंधही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. १८६६ मध्ये लंडनला ‘आर्किटेक्चर अॅट बीजापूर’ हा भव्य संग्रह निघाला. त्यातील छायाचित्रे कर्नल बिग्ज व मेजर लॉक यांची, वास्तुविषयक टिपणे जेम्स फर्ग्युसनची आणि ऐतिहासिक प्रस्तावना टेलरची होती. दख्खनच्या वास्तुशिल्पाचे पद्धतशीर छायाचित्रण करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या ग्रंथाची गणना करावी लागते. त्याचा विषय मात्र राजधानी हा होता. घुमट, कमानी, मशिदी आणि मकबरे, म्हणजे स्थिर वास्तू, हे त्याचे क्षेत्र. ज्या वास्तूचा अर्थ नदीच्या चढउतारावर अवलंबून आहे, तिला कसे टिपावे, हा प्रश्न त्या संग्रहाच्या योजनेतच उद्भवत नाही. पुढील काळात नळदुर्गचे चित्र ज्या पद्धतीने रूढ झाले, तिला म्हणूनच वास्तुछायाचित्रणापेक्षा निसर्गदृश्याची परंपरा अधिक जवळची वाटते.

४

आता व्हेनिसकडे वळू. या शहराइतके चित्रित झालेले दुसरे जलनगर नाही. अठराव्या शतकात कानालेत्तोने कालव्यांची दृश्ये रंगवली. एकोणिसाव्या शतकात कार्लो नाया आणि कार्लो पोंती यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी तीच दृश्ये कागदावर उतरवून प्रवाशांना विकली. पूल, नौका आणि पाण्यातले प्रतिबिंब ही त्या परंपरेची ठरलेली सामग्री होय. व्हेनिसला जाणारा प्रवासी ही चित्रे मनात घेऊनच जातो आणि तीच पुन्हा घेऊन परततो.

रस्किनने या प्रवाहाला छेद दिला. १८४५ मध्ये व्हेनिसमध्ये त्याने डॅगेरोटाइप पद्धतीची चित्रे मिळवली आणि तो त्यांवर लुब्ध झाला. हे तंत्र जाहीर होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. पडझड आणि निष्काळजी दुरुस्ती यांमुळे जुन्या इमारतींचे तपशील त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट होत होते. ते तपशील, निदान चित्ररूपाने, वाचवण्याचे साधन त्याला सापडले. पुढे त्याचा छायाचित्रणावरील विश्वास ओसरला. यंत्र दगड अचूक टिपते. परंतु त्यातील काय महत्त्वाचे, हे ते सांगत नाही, ही त्याच्या असमाधानाची दिशा होती.

रस्किनच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. १८५३ च्या या खंडाचे नाव ‘द सी-स्टोरीज’. त्यात सेंट मार्कच्या जगप्रसिद्ध मंदिराला पहिले स्थान नाही. पहिले प्रकरण खाजणाचे आहे : नद्यांनी आणलेला गाळ, वाळूचे पट्टे, उथळ पाणी आणि भरती-ओहोटी यांच्या नेमक्या प्रमाणामुळे तेथे नगर कसे शक्य झाले, हे त्यात येते. दुसरे प्रकरण तोर्चेल्लो बेटाचे, तिसरे मुरानोचे. आणि त्यानंतर सेंट मार्क. भोवतालची बेटे आधी आणि राजधानी मागाहून. आजचा प्रवासी नेमका उलट क्रम पाळतो : आधी मुख्य चौक, मग वेळ उरल्यास काचेच्या भट्ट्यांसाठी मुरानो आणि रंगीत घरांसाठी बुरानो, गाळ साचून व वस्ती ओसरून मागे पडलेल्या तोर्चेल्लोला तर अनेक जण जातच नाहीत. परंतु तोर्चेल्लो पाहिल्याखेरीज व्हेनिसचा अर्थ लागत नाही. खाजणातील वस्ती कशी सुरू होते आणि गाळाने ती कशी संपते, या दोन्ही गोष्टी त्या एका बेटावर दिसतात. मुरानोही केवळ दुकानांचे बेट नव्हे. आगीच्या भीतीने नगरातील काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये तिकडे हलवण्यात आल्या होत्या, आणि त्यामुळे ते बेट नगराच्या रचनेचाच एक भाग ठरते.

व्हेनिसच्या रूढ चित्रांत जे येत नाही, ते याहूनही मोठे आहे. गाळाने खाजण भरून जाऊ नये म्हणून व्हेनिसच्या राज्याने शतकानुशतके नद्यांची मुखे वळवली. ब्रेंता, पियावे, सीले या नद्या खाजणाबाहेर काढल्या. पाण्याची देखरेख करण्यासाठी १५०१ मध्ये स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आले. चहूकडे पाणी असलेल्या या शहरात पिण्याचे पाणी मात्र नव्हते. चौकांची फरशी उताराची करून, पावसाचे पाणी तिच्याखालील वाळूच्या थरांतून गाळून, मधल्या विहिरीत साठवण्याची व्यवस्था घरोघर व चौकाचौकांत होती. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत नगराची मुख्य भिस्त तिच्यावरच होती. त्या विहिरींचे नक्षीदार दगडी कठडे आज असंख्य छायाचित्रांत दिसतात. परंतु ते शोभेच्या वस्तू म्हणून दिसतात; पायाखालची वाळू त्यात दिसत नाही. अवर्षणाची सवय असलेल्या मराठवाड्यातील वाचकाला त्या कठड्याचा अर्थ कदाचित अधिक लवकर कळेल.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्राने अभियांत्रिकीचा पाठ द्यावा, ही अपेक्षा कलेवर अन्याय करणारी नाही काय? सुंदर दिसणाऱ्या गोष्टीचे सुंदर चित्र काढणे यात दोष कोणता? हा आक्षेप रास्त आहे. एकेका चित्राकडून सर्वस्वाची मागणी करणे चूकच ठरेल. कालव्यात पडलेले प्रतिबिंब हे व्हेनिसचे सत्यच आहे, आणि पावसाळ्यातील नर-मादीचा प्रपात हेही नळदुर्गचे सत्य आहे. दोष एका चित्राचा नाही. एकच चित्र हजार वेळा घेतले जाते आणि त्याच्या आधीचे व नंतरचे चित्र कोणी घेत नाही, हा खरा दोष आहे. रस्किनच्या खंडाचे मोल त्यातील एखाद्या वर्णनापेक्षा त्याच्या प्रकरणांच्या क्रमात अधिक आहे. टेलरच्या वर्णनाचे बळही त्याच्या क्रमातच आहे. शब्दाला क्रम आपोआप मिळतो, कारण एक वाक्य दुसऱ्यामागून येते. छायाचित्राला तो मुद्दाम द्यावा लागतो.

५

या दृष्टीने नळदुर्गच्या रूढ चित्राची परीक्षा केली असता तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट जागेची. हे चित्र सामान्यतः बांधाच्या खालच्या अंगाने, प्रपाताकडे तोंड करून घेतलेले असते. तेथून सांडव्याचे तोंड आणि पाण्याचा लोट ठळक दिसतो. महालाच्या खिडक्या मात्र दगडातील बारीक खुणा होऊन राहतात. जी वास्तू आतून बाहेर पाहण्यासाठी योजलेली आहे, ती सदैव बाहेरूनच पाहिली जाते. बांधणाऱ्याने प्रेक्षकाची जागा महालाच्या सज्जात निश्चित केली होती. आजचे चित्र त्याला तेथून उठवून नदीच्या पात्रात उभे करते. त्याचप्रमाणे बांधाच्या वरच्या अंगाचे अडलेले पाणी, जे त्याचे मुख्य कार्य, या चौकटीत कधीच येत नाही. रणमंडळ तर बहुधा कडेला कापला जातो. दोन किल्ल्यांना जोडणारा बांध दोन किल्ल्यांशिवाय दाखवला, की तो केवळ धबधब्याची चौकट उरतो.

दुसरी गोष्ट काळाची. वाहत्या पाण्यापुढे छायाचित्रणाला नेहमीच अडचण आलेली आहे. जुन्या काळी काचेवर प्रकाश पडू देण्यास काही सेकंद लागत, आणि तेवढ्यात हलणारे पाणी धूसर दुधाळ पडद्यासारखे उमटे. आज ही अडचण नाही. क्षणाच्या सहस्रांशात थेंबन्थेंब गोठवता येतो. तरीही अनेक छायाचित्रकार बुद्ध्याच तो जुना दुधाळपणा आणतात, कारण तोच आता सौंदर्याचा संकेत झाला आहे. त्यामुळे पाण्याचा भार आणि जोर नाहीसा होतो. चार शतके ज्या जोराला दगड तोंड देत आला, तो जोरच चित्रातून निघून गेला, तर दगडाच्या बांधणीचे कौतुक कशासाठी करावयाचे, हे प्रेक्षकाला कळण्यास मार्ग उरत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. नर-मादी बारा महिने वाहत नाहीत. नदीच्या वरच्या अंगास नळदुर्गजवळच बोरी प्रकल्पाचे आधुनिक धरण झालेले आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटले, म्हणजे किल्ल्यातील प्रपात जोमाने वाहू लागतो. याचा अर्थ असा की, सतराव्या शतकातील धरणाचे दर्शन आज विसाव्या शतकातील धरणाच्या भरण्यावर अवलंबून आहे. एका नदीवर दोन युगांची दोन धरणे एकामागे एक उभी आहेत, ही वस्तुस्थिती स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावी इतकी अर्थपूर्ण आहे. आणि नेमकी तीच रूढ चित्रात येत नाही. ज्या वर्षी पाऊस पुरेसा पडत नाही, त्या वर्षी बांध कोरडा राहतो, आणि कोरड्या बांधाचे चित्र कोणी प्रसिद्ध करीत नाही. वस्तुतः वास्तूच्या अभ्यासकाला कोरडा बांध अधिक उपयोगी असतो : दगडांचे सांधे, सांडव्याची कापणी, महालाच्या खिडक्यांची सांडव्यांच्या संदर्भातील जागा आणि पाण्याने वर्षानुवर्षे सोडलेल्या खुणा या सर्व गोष्टी त्याच वेळी स्पष्ट दिसतात.

६

मग नळदुर्ग कसा पाहावा आणि कसा टिपावा? रस्किनने बेटांपासून आरंभ केला. नळदुर्गला आरंभ नदीपासून व्हावयास हवा. प्रथम वरच्या अंगाचे बोरीचे पात्र व आधुनिक धरण. मग रणमंडळ, तेथून मुख्य किल्ला, बांध आणि मधली घळई यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात लक्षात येतो. व्हेनिसच्या संदर्भात तोर्चेल्लोचे जे स्थान, ते येथे रणमंडळाचे मानता येईल : प्रवासी ज्याकडे सहसा फिरकत नाही, परंतु ज्यावाचून मुख्य वस्तूचा उलगडा होत नाही, असे ते ठिकाण आहे. त्यानंतर मुख्य दरवाजा, खंदक आणि नवबुरूज. म्हणजे टेलरची वाट. पुढे उपळी बुरुजावरून संपूर्ण पठाराचे दर्शन. नंतर बांधाची वरची कड, तेथून अडलेले पाणी. मग पायऱ्या उतरून महाल आणि त्याच्या खिडकीतून बाहेरचे दृश्य. आणि सर्वांत शेवटी खालच्या अंगाने प्रपात. सर्वपरिचित चित्र या मालिकेत टाकून द्यावयाचे नाही. ते अखेरीस आले, म्हणजे त्याचा अर्थ पुरता उलगडतो. पाणी कोठून आले, कोठे थांबले, कोणी ते कोठून पाहिले आणि ते कोठे गेले, हे कळल्यानंतर पाहिलेला प्रपात हा निव्वळ निसर्गाचा चमत्कार राहत नाही. तो मनुष्याच्या बुद्धीने नदीशी केलेला एक करार ठरतो.

हीच मालिका चैत्रात, श्रावणात आणि मार्गशीर्षात घेतली, तर तीन ऋतूंतील पाण्याच्या पातळीची विश्वसनीय नोंद आपोआप सिद्ध होईल. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि उभे राहण्याची जागा लिहिणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला चित्राच्या सौंदर्यापेक्षा त्या एका ओळीचा उपयोग अधिक होईल. व्हेनिसच्या बाबतीत असे घडलेले आहे. संशोधकांनी कानालेत्तोच्या चित्रांतील भिंतींवर दिसणाऱ्या शेवाळाच्या रेषा तपासून, त्या काळापासून आजवर पाण्याची पातळी किती चढली याचा अंदाज बांधला. देखाव्याच्या हौसेने काढलेले चित्र नोंद म्हणून उपयोगी पडले, ते त्यातील तपशिलाच्या प्रामाणिकपणामुळे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी १९४ सेंटिमीटर भरतीने व्हेनिस बुडाले आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी पुन्हा १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले. २०२० पासून समुद्राच्या मुखाशी उचलते दरवाजे काम करू लागले. चित्रमय नगराचा प्रश्न शेवटी पाण्याच्या पातळीचा प्रश्न असतो, हे त्या नगराला फार मोठी किंमत देऊन कळले.

नळदुर्गच्या बाबतीत हा विषय केवळ अभिरुचीचा नाही. धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना अद्याप कोणी विसरलेले नाही. अशा प्रदेशात चारशे वर्षांपूर्वी बांधलेली आणि अजून उभी असलेली जलवास्तू लोकांच्या मनात जर फक्त वर्षाकाठच्या काही दिवसांचा देखावा म्हणून राहिली, तर तिच्यातील ज्ञान हरवलेच असे म्हणावे लागेल. जतनाची दिशाही बहुधा चित्राच्या मागोमाग जाते. ज्या भागाचे चित्र लोकांना ठाऊक असते, त्याला कठडे, दिवे व वाट लाभते. ज्याचे चित्र नसते, तो भाग झुडपांखाली जातो. म्हणून कोणते चित्र प्रचारात राहावे, हा प्रश्न अखेर कोणता दगड टिकावा, या प्रश्नाशी येऊन भिडतो.

टेलरजवळ क्रम होता, परंतु त्याची वाट बांधाच्या पोटात उतरली नाही. रस्किनजवळ क्रम आणि चित्र ही दोन्ही होती. मात्र यंत्राने घेतलेल्या चित्रालाही क्रम देता येईल, या शक्यतेचा त्याने पुरेसा पाठपुरावा केला नाही. आजच्या अभ्यासकाजवळ या दोघांनाही नसलेली सोय आहे : हवी तितकी चित्रे, हव्या त्या ऋतूत, अल्प खर्चात घेता येतात. उणीव साधनांची नाही, योजनेची आहे. मराठवाड्यातील इतिहास, भूगोल आणि वाङ्मय या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र येऊन नळदुर्गच्या जलवास्तूची अशी क्रमबद्ध चित्रनोंद सहज सिद्ध करू शकतील. तिचा आरंभ पावसाळ्याची वाट न पाहता, उन्हाळ्यातील कोरड्या बांधापासून करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.